जायंट्सची हिवाळी खरेदी: अडामेस आला, व्हर्लँडर आला, पण फर्स्ट बेसचं काय?

खाडीपलीकडचा · १३ जानेवारी २०२५

मंडळी, सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल क्लबबद्दल इथे बोलणारे आपण थोडेच आहोत पण जे आहेत ते मनापासून बघतात म्हणून हा धागा काढतोय. बॉल टाकणाऱ्या, म्हणजे पिचर, व्हर्लँडरचा करारही झाला, एक वर्ष, १५ मिलियन डॉलर. त्याआधी डिसेंबरात विली अडामेस, सात वर्षं आणि १८२ मिलियन, म्हणजे क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार, आपल्या जुन्या कॅचरच्या, बस्टर पोझीच्या स्वतःच्या १६७ मिलियनच्याही वरचा. आणि तो दिला कोणी तर पोझीनेच, सप्टेंबरअखेर टीम बांधणाऱ्या झैदीला काढून त्याच्या जागी पोझीला बसवल्यावर पहिल्याच हिवाळ्यात.

मला अडामेस शंभर टक्के पटला. गेल्या वर्षी मिलवॉकीकडून ३२ होमर (होम रन), ११२ आरबीआय (त्याच्या बॅटवर आलेले रन). आपल्याकडे २००४ मध्ये बाँड्सने तिशी ओलांडली त्यानंतर एकाही जायंटने एका सीझनमध्ये ३० होमर मारलेले नाहीत, वीस वर्षं झाली!

पण माझा मुख्य प्रश्न फर्स्ट बेसचा आहे. डिसेंबरमध्ये बाजार डोळ्यांसमोर रिकामा झाला. ख्रिश्चन वॉकर ह्यूस्टनला, गोल्डश्मिट यँकीजला, सँटाना क्लीव्हलंडला, आणि ट्रेडमध्ये (अदलाबदलीत) नेलर ॲरिझोनाला, नॅथॅनियल लो वॉशिंग्टनला. आपण नुसते बघत राहिलो. आता तीनच रस्ते दिसतात. पीट अलोन्सो अजून मोकळा (करारमुक्त) आहे, त्याला घ्या. नाहीतर आपल्याच लमाँट वेडवर वर्ष काढा आणि खालच्या लीगमधला ब्राइस एल्ड्रिज तयार व्हायची वाट बघा. नाहीतर काइल हॅरिसनसारखा तरुण पिचर देऊन ट्रेडमध्ये तयार बॅट आणा. माझं मत तिसरं, कारण ८० विजय-८२ पराभवांच्या आसपास रेंगाळणाऱ्या टीमला एक खरा मधला हिटर कमी पडतोय. तुम्हाला काय वाटतं?

सनीव्हेलची_सून · १३ जानेवारी

एल्ड्रिज एल्ड्रिज एल्ड्रिज. बास.

कापूसकोंड्या · १३ जानेवारी

हॅरिसन द्यायचा विचारही करू नका हो. तो डावखुरा आहे, २३ वर्षांचा आहे, अजून कितीतरी वर्षं क्लबच्या ताब्यात आहे आणि सध्या किमान पगाराच्या आसपास खेळतो, यंदाचा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर. असा पिचर बाजारात विकत घ्यायला गेलात तर काय पडतं ते व्हर्लँडरच्या आकड्यावरून बघा, एकेचाळिशीतल्या माणसाला १५ मिलियन आणि ते पण गेल्या वर्षी ५.४८ चा ईआरए (दर नऊ इनिंगला दिलेले रन) असताना.

आणि या क्लबने तरुण खेळाडू देऊन काय मिळवलंय ते मला तोंडपाठ आहे. २००३ मध्ये पियर्झिंस्की आणायला जो नेथन, लिरियानो आणि बॉन्सर मिनेसोटाला दिले. पियर्झिंस्की एक सीझन टिकला, नेथन पुढे लीगमधल्या सर्वोत्तम क्लोजरांपैकी (शेवटची इनिंग टाकणाऱ्यांपैकी) एक झाला आणि लिरियानोने काय काय केलं ते सोडाच. २०११ मध्ये बेल्ट्रानला दोन महिन्यांसाठी आणलं आणि पिचर झॅक व्हीलर न्यूयॉर्क मेट्सला गेला, तो आजही फिलाडेल्फियाला पहिल्या नंबरचा पिचर आहे. २०१८ मध्ये मकचन आणला आणि ब्रायन रेनॉल्ड्स पिट्सबर्गला दिला. अजून किती उदाहरणं हवीत.

कोथरूडचा_कॅचर · १४ जानेवारी

मी पुण्यातून वाचतोय, उन्हाळ्यात सकाळी सव्वासातला मॅच सुरू होते ती बघूनच ऑफिसला जातो. काही बेसिक प्रश्न आहेत, रागावू नका.

१. आयपीएलमध्ये सगळ्यांना १२० कोटीच पर्स, तिथे पंतला २७ कोटी दिले की बाकीच्यांसाठी हात आखडावा लागतो. इथे लॉस एंजेलिसचे डॉजर्स वाट्टेल तेवढा खर्च करतात ते कसं चालतं?
२. ट्रेड करताना खेळाडूला विचारतात का? की सकाळी उठला की दुसऱ्या गावाला?
३. अडामेस घेतल्यामुळे ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायच्या पाळ्या) गेले असं वाचलं, ते का?

आकडेमोड · १४ जानेवारी

@कोथरूडचा_कॅचर, रागावायचं काय, चांगले प्रश्न आहेत. दुसऱ्यापासून सुरू करतो कारण तो सोपा आहे. साधारणपणे विचारत नाहीत. करारात नो-ट्रेड कलम असेल, किंवा दहा वर्षं लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच क्लबकडे झाली असतील तर खेळाडू नाही म्हणू शकतो. मागच्या महिन्यात सेंट लुईसने अरेनाडोला ह्यूस्टनला द्यायचं ठरवलं होतं, त्याच्याकडे नो-ट्रेड होतं, तो नाही म्हणाला, विषय संपला. बाकी बहुतेकांना फोन येतो आणि बॅग भरायची.

पर्सबद्दल: इथे पक्की मर्यादा नाहीये. एक उंबरठा आहे, २०२५ साठी २४१ मिलियन, त्याच्या वरच्या रकमेवर टॅक्स. पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षापासून ५०, आणि फारच वर गेलात तर आणखी जादा. एक वर्ष खाली राहिलात की पाटी कोरी. डॉजर्सनी २०२४ चा टॅक्सच शंभर मिलियनच्या वर भरला. जायंट्सही २०२४ मध्ये उंबरठ्याच्या वर गेले होते, नऊ क्लब होते त्या यादीत, आणि गंमत म्हणजे एवढं करून आपण अर्धेअधिक सामने हरलो.

आता तिसरा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. अडामेसला मिलवॉकीने क्वालिफाइंग ऑफर दिली होती, २१.०५ मिलियन एका वर्षाची, ती त्याने नाकारली. असा खेळाडू दुसऱ्याने घेतला की घेणाऱ्याला ड्राफ्टमध्ये दंड बसतो, आणि आदल्या वर्षी टॅक्स भरला असेल तर दंड दुप्पट. त्यामुळे आपला दुसरा आणि पाचवा पिक गेला, शिवाय परदेशातल्या पोरांना साइन करायच्या पैशातले एक मिलियन कापले. त्याआधीच्या हिवाळ्यात चॅपमन आणि स्नेलसाठी असेच दोन पिक गेले होते. अलोन्सोलाही क्वालिफाइंग ऑफर होती, म्हणजे त्याला घेतला तर आणखी पिक जाणार. धागाकर्त्याने हा हिशोब धरलेला दिसत नाही.

खाडीपलीकडचा · १४ जानेवारी

@आकडेमोड, धरलाय, म्हणूनच माझं मत अलोन्सो नाही तर ट्रेड. ट्रेडला पिकचा दंड नाही.

एडिसनचा_बंड्या · १४ जानेवारी

मेट्सवाला आहे, अलोन्सोवर माझा जीव आहे, त्यामुळे सरळ सांगतो, त्याला हात लावू नका :) ऑक्टोबरात मिलवॉकीमध्ये नवव्या इनिंगला मागे असताना डेव्हिन विल्यम्सला मारलेला तो तीन रनांचा होमर आठवला की अजून अंगावर काटा येतो. आणि तेव्हा समोर शॉर्टस्टॉपला कोण होता तर तुमचा अडामेस!

बाकी सीरियसली, पीट तीस वर्षांचा झालाय. २०१९ ला रूकी असताना ५३ मारले, गेल्या वर्षी ३४. त्याला लांबचा करार हवाय आणि कोणीच देत नाहीये, सोटोला ७६५ मिलियन दिल्यावर आमचे मालकही सावध झालेत. मला वाटतं तो परत येईल. त्याच्या मनातही न्यूयॉर्कच आहे.

लेमन_लेक · १५ जानेवारी

एलएकडून नमस्कार. स्नेल आमच्याकडे आला, पाच वर्षं १८२ मिलियन. तुम्ही अडामेसला दिले बरोबर तेवढेच, फक्त सात वर्षांत वाटून. कनफोर्टोही आला. तुमच्या टीमचे अर्धे लोक आमच्याकडे, तुम्ही पण या, जागा आहे.

सनीव्हेलची_सून · १५ जानेवारी

@लेमन_लेक २०१०, २०१२, २०१४. आधी आमच्या या तीन वर्ल्ड सिरीज मोजा.

आकडेमोड · १५ जानेवारी

लेमन_लेक यांनी डिवचलंय पण मुद्दा खरा आहे. मोठा फ्री एजंट (करारमुक्त खेळाडू) सॅन फ्रान्सिस्कोला नाही म्हणतो हे आता सवयीचं झालंय. यँकीजच्या ॲरन जजच्या वेळी एका पत्रकाराच्या ट्वीटमध्ये "आर्सन जज" जायंट्सकडे निघालाय असं आलं आणि दहा मिनिटं आपण सगळे स्वर्गात होतो. मग कोरेया, १३ वर्षं ३५० मिलियन, पत्रकार परिषद ठरलेली आणि मेडिकलमध्ये घोटाळा, करार मोडला. मग ओहतानी, त्याला आपणही जवळपास तशीच ऑफर दिली होती आणि तो डॉजर्सला गेला. म्हणून अडामेस हो म्हणाला याचं महत्त्व नुसत्या आकड्यांच्या पलीकडचं आहे. त्याआधी सप्टेंबरात चॅपमनशी १५१ मिलियनचा करार झाला त्यातही पोझी स्वतः उतरला होता. खेळाडू खेळाडूशी बोलतो तेव्हा फरक पडतो असं माझं ठाम मत आहे, त्या मैदानावर कॅचर म्हणून बारा सीझन काढलेला माणूस समोर बसून बोलतोय.

रानवारा · १५ जानेवारी

मला व्हर्लँडरबद्दल कोणीच बोलत नाही याचं वाईट वाटतंय. २६२ विजय! तीन साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार)! फेब्रुवारीत ४२ पूर्ण होतील. त्याला ३०० करायचेत. आणि आपल्याकडे तशी परंपरा आहे, रँडी जॉन्सनने २००९ मध्ये तीनशेवा विजय जायंट्सच्याच कपड्यांत मिळवला, तेव्हा तो ४५ चा होता. तरुण पोरांना, म्हणजे बर्डसाँग, रूप, हॅरिसन यांना रोज त्याच्या शेजारी बसून त्याची तयारी बघायला मिळणार, त्याचे पैसे कसे मोजणार तुम्ही?

कापूसकोंड्या · १५ जानेवारी

रानवारा, भावना पोचल्या पण तीनशे व्हायला अजून ३८ हवेत आणि गेल्या सीझनला त्याचे पाच झाले. मला तो शिकवायला आलेला चालेल पण मग त्याला तिसरा स्टार्टर (सुरुवातीपासून टाकणारा पिचर) समजून ट्रेडमध्ये हॅरिसनला देऊन टाकू नका एवढंच म्हणणं आहे. वेब सलग दोन वर्षं दोनशेच्या वर इनिंग टाकतोय, त्याच्यामागे रॉबी रे दुखापतीतून परतलेला, हिक्स अजून स्टार्टर म्हणून सिद्ध व्हायचाय. यातला एक पडला की काय करणार?

मोगरा_फुलला_एकदाचा · १६ जानेवारी

एल्ड्रिजवर माझं मत, कारण त्याला आम्ही जवळून बघितलंय. गेल्या उन्हाळ्यात तो सॅन होजेला होता, लो-एला, म्हणजे खालच्या लीगमध्ये. आमचं घर तिथून जवळ, पोरांना घेऊन जायला तिकीट परवडतं, कुंपणाला टेकून उभं राहिलं तर खेळाडू सही देतात. सहा फूट सात इंच, अजून एकोणीसचा होता तेव्हा. त्याची बॅट लागल्यावरचा आवाजच वेगळा, माझी धाकटी जी आईस्क्रीममध्ये गुंग होती ती पण मान वर करून बघायला लागली. नंतर त्याच वर्षी तो युजीन, रिचमंड आणि शेवटी सॅक्रामेंटोपर्यंत पोचला, एका सीझनमध्ये चार पायऱ्या. असा मुलगा घरात असताना अलोन्सोला पाच-सहा वर्षं फर्स्ट बेस देऊन टाकणं म्हणजे त्याचा रस्ता बंद करणं आहे.

कोथरूडचा_कॅचर · १६ जानेवारी

अवांतर: मार्चअखेर तिकडे येतोय, ओरॅकल पार्कला मॅच बघायचीच आहे. कुठे बसावं? गाडी लावायला जागा मिळते का?

मोगरा_फुलला_एकदाचा · १६ जानेवारी

गाडी अजिबात नेऊ नका. कॅलट्रेन आता विजेवर धावते, स्टेशनवरून चालत पोचता. वर तिसऱ्या मजल्यावर होम प्लेटच्या मागे बसा, खाडी दिसते. स्वेटर हवाच, जुलैत असलात तरी.

सनीव्हेलची_सून · १६ जानेवारी

आणि गार्लिक फ्राइज. आधी खा मग बोला. परतीच्या ट्रेनमध्ये सगळ्या डब्याला कळतं कोण मॅचहून आलंय.

रानवारा · १६ जानेवारी

उजव्या बाजूच्या चोवीस फुटी भिंतीजवळ उभं राहून बघा एकदा. मगच कळतं की डावखुऱ्याला इथे होमर मारणं किती कठीण आहे. आणि उजव्या हाताच्यांचं तर खाडीत मारायचं नावच नव्हतं, गेल्या सप्टेंबरात हेलिओट रामोसने मारला तो पहिला.

खाडीपलीकडचा · १७ जानेवारी

रानवारा यांनी मैदानाचा विषय काढला म्हणून परत मूळ मुद्द्यावर येतो. एल्ड्रिज डावखुरा बॅट आहे आणि वीस वर्षांचा आहे. मोगरा, तुमचं निरीक्षण मला मान्य पण सॅन होजेचं मैदान वेगळं आणि ती भिंत वेगळी. त्याच्यावर २०२५ चं ओझं टाकणं त्याच्यावरच अन्याय. आणि वेड मला आवडतो, गेल्या वर्षी ऑन-बेस ३८० चा होता, म्हणजे हजारातल्या ३८० वेळा बेसवर, पण होमर आठ. फर्स्ट बेसला आठ होमर घेऊन डॉजर्स आणि पाद्रेजच्या डिव्हिजनमध्ये काय करणार? मी अजूनही म्हणतो, पिचर द्या, बॅट आणा.

आकडेमोड · १७ जानेवारी

द्यायला माझी ना नाही पण कोणासाठी? बाजारात आज आहे कोण? हॅरिसन आणि वर कोणीतरी दिल्यावर समोरून येणारा किमान चार-पाच वर्षं आपल्याकडे राहणारा हवा. ह्यूस्टनच्या काइल टकरसाठी शिकागोने काय दिलं बघा, परेदेस, वेस्नेस्की आणि कॅम स्मिथ, आणि टकर एका वर्षात मोकळा होणार. एका वर्षासाठी एवढं द्यायचं नाही. असा लांबचा खेळाडू बाजारात आला तरच हलायचं, तोपर्यंत वेड.

कापूसकोंड्या · १७ जानेवारी

आकडेमोड यांना +१. यावर मीही गप्प बसेन.

एडिसनचा_बंड्या · ६ फेब्रुवारी २०२५

पीट घरी परतला!! दोन वर्षं, ५४ मिलियन. झोपतो आता.

मोगरा_फुलला_एकदाचा · १६ जून २०२५

धागा वर काढतेय. रफाएल डेव्हर्स!!!! काल संध्याकाळी फोन वाजायचा थांबेना. हॅरिसन, हिक्स, टिब्स आणि होसे बेयो बॉस्टनला, डेव्हर्स आपल्याकडे, आणि २०३३ पर्यंतचा त्याचा सगळा उरलेला करार, अडीचशे मिलियनच्या वर, आपल्या डोक्यावर.

खाडीपलीकडचा · १६ जून

हाच तो ट्रेड. हाच. जानेवारीत लिहिला होता तसाच, तरुण पिचर द्या आणि मधला हिटर आणा, आणि आकडेमोड यांची अट पण पूर्ण, लांब राहणारा. बॉस्टनने ब्रेगमनला आणून त्याचा तिसरा बेस काढून घेतला, मग कासास जखमी झाल्यावर त्याला फर्स्टला जा म्हणाले, तो नाही म्हणाला, तिथून बिनसलं. दुसऱ्यांच्या भांडणात आपल्याला असा हिटर मिळाला. वेड तर याच महिन्यात गेला, जागा रिकामीच आहे.

कापूसकोंड्या · १६ जून

मला हॅरिसनचं वाईट वाटतंय. खाडीच्या परिसरात वाढलेला पोरगा, लहानपणापासून जायंट्सचा फॅन. आणि टिब्स गेल्या वर्षीचा तेरावा पिक, वर्षही झालं नाही. डेव्हर्स मोठा आहे, कोण नाही म्हणतंय, पण तो तिथे फर्स्टला खेळणार नाही म्हणाला आणि इथे आपल्याला नेमका फर्स्ट बेसमन हवाय, याकडे कोणी बघणार का?

आकडेमोड · १७ जून

बघितलं पाहिजे. चॅपमन तिसऱ्या बेसवरून हलणार नाही. म्हणजे डेव्हर्स एकतर डीएच (नुसती बॅटिंग करणारा) नाहीतर फर्स्ट. आणि फर्स्टला तो रुळला तर एल्ड्रिजचं काय? २८ वर्षांचा माणूस २०३३ पर्यंत. एक डीएच, एक फर्स्ट, दोघंही डावखुरे, एकाच भिंतीसमोर. जमू शकतं, पण मग तिसऱ्या कोणाला डीएच म्हणून आराम द्यायला जागा उरणार नाही.

लेमन_लेक · १ ऑगस्ट २०२५

टिब्स आमच्याकडे आला :) बॉस्टनने डस्टिन मेच्या बदल्यात दिला. मी म्हटलं होतं ना, जागा आहे.

रानवारा · १ ऑगस्ट

आणि आपण परवा टायलर रॉजर्स मेट्सला, काल डोव्हाल यँकीजला, माइक यॅस्ट्रेम्स्की म्हणजे आपला यॅझ कॅन्सस सिटीला देऊन टाकला. जूनमध्ये घेणारे, जुलैमध्ये विकणारे. यॅझसाठी आज खरंच रडू आलं, आजोबांचं एवढं मोठं नाव पाठीवर घेऊन तो इथे येऊन स्वतःचं नाव करून गेला.

कोथरूडचा_कॅचर · २३ ऑक्टोबर २०२५

सीझन संपला, ८१-८१. मेल्विनला काढलं, काल टेनेसी युनिव्हर्सिटीचा कोच टोनी व्हिटेलो मॅनेजर म्हणून आणलाय, प्रोफेशनल बेसबॉलमध्ये कुठेही काम न केलेला. मूळ धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर काय झालं मग? मला नीट समजून घ्यायचंय.

आकडेमोड · २३ ऑक्टोबर

एकेक घेऊ. अडामेस: सुरुवात फार वाईट, पण शेवटी बरोबर ३० होमर, बाँड्सनंतर पहिला. सात वर्षांच्या कराराचं पहिलं वर्ष म्हणून मी समाधानी. व्हर्लँडर: ४ विजय, ११ पराभव, पण ईआरए ३.८५ आणि २९ स्टार्ट, जुलैपर्यंत एकही विजय नाही कारण तो टाकत असताना आपली बॅटच चालत नव्हती. १५ मिलियनला एवढ्या इनिंग म्हणजे ठीक व्यवहार. डेव्हर्स: आपल्यासाठी ९० सामन्यांत २० होमर, दोन्ही क्लब मिळून १६३ सामने खेळला, आणि शेवटी फर्स्टला उभा राहिलाच.

रानवारा · २३ ऑक्टोबर

व्हर्लँडरचे २६६ झाले. मी अजून मोजतोय.

मोगरा_फुलला_एकदाचा · २४ ऑक्टोबर

आणि एल्ड्रिज सप्टेंबरात वर आला! त्याला एकदम हिरो करू नका, पण पुढच्या वर्षी सुरुवातीपासून खेळवा. डेव्हर्स आणि तो दोघं फर्स्ट-डीएच वाटून घेतील.

कापूसकोंड्या · २४ ऑक्टोबर

बॅट आली मान्य. पण जानेवारीत मी विचारलेला प्रश्न तसाच आहे, वेब आणि रेच्या मागे कोण? रेचा करार २०२६ ला संपतो, व्हर्लँडर मोकळा, हॅरिसन बॉस्टनमध्ये, बर्डसाँग मध्येच सॅक्रामेंटोला परत गेला, रूप जखमी झाला. आणि बुलपेनमधून (नंतर टाकायला येणाऱ्या पिचरांमधून) वॉकर सोडून नाव घ्यावं असं कोण उरलंय? या हिवाळ्यात एक तरी खरा स्टार्टर आणि दोन रिलीव्हर घेतले नाहीत तर अडामेस, चॅपमन, डेव्हर्स तिघांचे मोठे करार असून परत ८१ वरच थांबू.

खाडीपलीकडचा · २४ ऑक्टोबर

कापूसकोंड्या, यावर आपलं एकमत. आणि आता द्यायला पिचर नाहीत, म्हणजे पैसेच मोजावे लागणार. मेट्सकडून आलेल्या बुट्टो आणि टिडवेलला बघू वसंतात. नवीन धागा काढतो पिचरांसाठी, आकडेमोड तुम्ही त्यात फ्री एजंट पिचरांची यादी टाका, क्वालिफाइंग ऑफर कोणाला मिळते तेही लिहा, म्हणजे पिकचा हिशोब पहिल्यापासून समोर राहील.

आकडेमोड · २४ ऑक्टोबर

टाकतो. वर्ल्ड सिरीज संपली की पाच दिवसांत ऑफर द्याव्या लागतात, तेव्हा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात.